पडद्याचें तोंड कोणाकडे?

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. बाभूळगांव तालुक्यांतील आमच्या शेतांत सीतादही होऊन कापसाच्या वेचणीस आरंभ झाला, आणि त्याच सुमारास आमच्या घरांत चाळीस वर्षें चालत आलेली वहीची चाल बंद पडली. वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, रोज संध्याकाळीं कोणत्या बाईनें किती किलो कापूस वेचला तें लिहून ठेवण्याची. तिच्या जागीं आमच्या पुतण्याच्या कन्येनें स्वतः रचलेलें एक ॲप आणून बसविलें. (तिला आम्ही नातच म्हणतों, एकत्र कुटुंबांत सख्खें-चुलत असा हिशेब ठेवीत बसलें तर पंक्तीला पानें मांडणेंही कठीण व्हावयाचें.) मुलगी यंदा बारावींत आहे. तिनें हें कोणत्या युक्तीनें केलें, त्यांत काय चुकलें, आणि ती चूक तिला कोणी दाखवून दिली, हें वाचकांच्या कानांवर घालावें म्हणून ह्या महिन्याचें पान आम्हीं तिकडे दिलें आहे. घरोघरीं आतां अशीं मुलें आहेत, आणि त्यांच्या हातीं अशीं साधनें आहेत.

आरंभींच कबूल करतों कीं, संगणकाची भाषा आम्हांस येत नाहीं. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि त्याखेरीज जें कांहीं पदरीं पडलें तें शास्त्रीबोवांच्या ओसरीवर बसून घोकलेल्या शब्दरूपावलीचें. म्हणून मुलीला आम्हीं विचारलें, "अग, एवढें सगळें लिहिलेंस तरी केव्हां?" ती हंसून म्हणाली, "आजोबा, लिहिलं नाही, मांडलं." ह्या एका शब्दानें आमचें कुतूहल जागें झालें, आणि पुढच्या चार संध्याकाळीं तिच्या शेजारीं खुर्ची ओढून आम्ही तें मांडणें पाहत बसलों.

तिच्या साधनाचें नांव ॲप इन्व्हेंटर. २०१० सालीं गूगल कंपनीनें तें लोकांपुढें आणलें. त्याच्या मुळाशीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या-संस्थेचे अध्यापक हॅल ॲबेल्सन हे होते, आणि २०१२ पासून तें त्या संस्थेच्याच छायेखालीं चालतें. दाम पडत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर डाव्या हातास साहित्याचें कपाट, मध्यें कोऱ्या फोनचें चित्र, आणि उजवीकडे गुणांची यादी असते. कपाटांतून 'बटन' उचलून कोऱ्या फोनवर आणून सोडलें कीं तेथें बटन उमटतें. अक्षरांची पाटी सोडली कीं पाटी, आंकडा लिहावयाची चौकट सोडली कीं चौकट. मग त्या वस्तूची रुंदी, रंग, अक्षरांचें आकारमान, ती दिसावी कीं लपावी, हें उजव्या यादींत भरावयाचें. आम्हांस तर हें विशेष्य-विशेषणांचें प्रकरणच वाटलें. क्रियापदें मात्र दुसऱ्या पानावर. तेथें रंगीत ठोकळे असतात, लहान मुलांच्या लांकडी खेळण्यांसारखे. एकाची खांच दुसऱ्याच्या दांत्याला जुळली तरच ते एकमेकांस चिकटतात. 'अमुक बटन दाबलें असतां' हा एक ठोकळा, आणि त्याच्या पोटांत 'तमुक करावें' हा दुसरा. सति सप्तमी! जी विभक्ति समजावून देतांना आम्हीं वर्गांत इतकीं वर्षें घसा कोरडा केला, ती ह्या मुलीनें बोटानें ओढून जागेवर बसविली.

हें सुख पूर्वीं नव्हतें. पडद्यावर एक चौकोन काढावयाचा तर त्याचे कोपरे कोठें येतील तें आंकड्यांत लिहावें, मग कार्यक्रम चालवून पाहावा, चौकोन भलतीकडे गेला कीं पुन्हां आंकडे बदलावे. १९८८ सालीं ॲलन कूपर नांवाच्या एका अमेरिकन कारागिरानें बिल गेट्स ह्यांना असें एक साधन दाखविलें कीं, ज्यांत पडद्यावरचे भाग चित्रांप्रमाणें उचलून ठेवतां येत. मायक्रोसॉफ्टनें तें विकत घेतलें, त्यास बेसिक ह्या सोप्या संगणकभाषेची जोड दिली, आणि १९९१ च्या मे महिन्यांत 'व्हिज्युअल बेसिक' ह्या नांवानें तें जगापुढें आलें. ज्यांच्या मुलांनीं त्या दशकांत पुण्या-नागपुरास संगणकाचे वर्ग केले, त्यांच्या घरीं हें नांव अपरिचित नसेल. दुकानाचें बिल, पतपेढीचें खातें, शाळेचा निकाल असे कितीतरी करड्या रंगाचे पडदे त्याच साधनानें रचले गेले. ठिपके आधीं पडले कीं रांगोळीची रेघ चुकत नाहीं. तशीच ही सोय.

तर आमच्या नातीनेंही आपली रांगोळी मांडली. पडद्याच्या वर शेताचें चित्र, खालीं मजूर बायांच्या नांवांची उघडमीट होणारी यादी, तिच्याखालीं वजनाची चौकट, मग हिरवें बटन 'नोंद करा' आणि तांबडें बटन 'चुकती'. आठवड्याची बेरीज आपोआप होई. सूनबाईला, म्हणजे मुलीच्या आईला, तें फार आवडलें. कारण तिन्हीसांजा काट्यापाशीं उभें राहून वही धरणें आणि रात्रीं बेरजा करणें हें काम तिचेंच. पहिल्याच दिवशीं एक गंमत मात्र झाली. मुलीनें बटनांची उंची इंग्रजी अक्षरांच्या अंदाजानें ठरविली होती, त्यामुळें फोनवर 'चुकती' मधला उकार खालीं कापला गेला आणि पैसे देण्याच्या बटनाची 'चकती' झाली!

हंसण्यासारखी गोष्ट असली तरी ती क्षुल्लक नव्हे. आपल्या लिपीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार ह्यांसाठीं जागा लागते, आणि खालीं उकारासाठीं व जोडाक्षरांसाठीं लागते. रोमन लिपीच्या मापानें कापलेल्या सदऱ्यांत ती अंग चोरूनच बसणार. ह्या कामीं मराठी माणसांनीं जें केलें तें आपल्या घरांतून फारसें बोललें जात नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज २०००' बरोबर जो 'मंगल' नांवाचा देवनागरी टंक आला, तो मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांचा. जोशी ज्या संस्थेंत कित्येक वर्षें शिकवीत होते ती पवईच्या आय. आय. टी. तील अभिकल्प-संस्था, १९६९ मध्यें स्थापन झालेली. तेथूनच अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१३ सालीं 'स्वरचक्र' नांवाचा फोनचा कळफलक दिला. त्यांत व्यंजनें आपल्या वर्णमालेच्या क्रमानें मांडलेलीं असून, 'क' वर बोट ठेवलें कीं त्याच्या भोंवतीं का, कि, की, कु अशीं रूपें चाकासारखीं फिरून उभीं राहतात. बोट त्या दिशेस सरकविलें कीं अक्षर उमटलें. ज्यानें शाळेंत बाराखडी म्हटली आहे त्यास हा कळफलक नव्यानें शिकावा लागत नाहीं. ज्या माणसाच्या हातीं वस्तु जाणार, त्याला आधींच काय येतें, येथून ह्या मांडणीचा आरंभ झाला आहे. आमच्या नातीनें बटनाची उंची वाढविली, उकार परत आला, आणि ती निश्चिंत झाली. आम्हीही झालों.

तिसऱ्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं मजुरी वाटतांना एक बाई ओसरीच्या पायरीवर पैसे मोजून तशीच उभी राहिली. वयानें साठीची, आमच्या शेतावर वीस-बावीस वर्षें वेचणीला येणारी. "वहिनी, दोन रोजचा कापूस नाही धरला काय?" असें तिनें विचारलें. सूनबाईनें फोन पाहिला. त्या दोन दिवसांवर तिच्या नांवापुढें कांहीं नव्हतें. सूनबाई मृदुपणें म्हणाली, "यांत तर नोंद नाहीं हो बाई. तुम्ही आला नसाल त्या दिवशीं." आणि येथें लिहितांना लाज वाटते, परंतु लिहितों, कीं आम्हींही त्या क्षणीं यंत्राचेंच खरें मानलें. वयामुळें विसरली असेल असें आमच्या मनांत येऊन गेलें. बाई भांडली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "गुरुजी, आधी वही मधात राह्ये, तं मले दिसे. आता या मोबाइलचं तोंड तुमच्याकडंच राह्यते." आणि पैसे पदरांत बांधून निघून गेली.

दिवेलागणीस दुसरी एक बाई आली. तिनें कांहीं नोटा सूनबाईपुढें ठेवल्या. "वहिनी, हे पैसे माहे नोहोत. माह्या नावावर जास्तीचा कापूस पडला. मले का चार हात हायत?" तिला अक्षर येत नाहीं, पण रोजचें वजन ती घरच्या भिंतीवर कोळशानें मांडून ठेवते. त्या भिंतीच्या हिशेबानें तिच्या खात्यांत ७३ किलो कापूस अधिक होता, आणि पहिल्या बाईच्या खात्यांत तितकाच कमी.

नातीनें रात्रीं बसून शोध घेतला. दोष गणितांत नव्हता, ठोकळ्यांतही नव्हता. तो मांडणींत होता. नांवांच्या त्या उघडमीट होणाऱ्या यादींत मागच्या वेळीं जें नांव निवडलें असेल तेंच बसून राही. सांजेच्या घाईंत, काट्याजवळ दिवा नसतां, सूनबाईनें दोनदां नांव न बदलतां नुसतें वजन लिहून हिरवें बटन दाबलें होतें. रांगेंत जी पुढें होती तिच्या पदरांत मागचीचा कापूस पडला. वहींत असें होणें कठीण, कारण वजन लिहावयाचें तर आधीं नांवाच्या ओळीवर बोट न्यावेंच लागे. शिवाय वहींत खाडाखोड केली तर ती दिसे. ह्या ॲपांत आंकडा बदलला कीं जुना आंकडा कधीं होता ह्याचाही मागमूस राहत नसे. पहिल्या बाईच्या घरीं सूनबाई दुसऱ्या दिवशीं सकाळींच स्वतः जाऊन आली, पैसे देऊन आणि चूक कबूल करून. मुलगीही बरोबर गेली होती. परत आल्यावर ती बराच वेळ बोलली नाहीं.

ज्या कूपर साहेबांचा उल्लेख वर आला, त्यांचें पुढील चरित्र ह्या ठिकाणीं सांगण्यासारखें आहे. पडदा मांडण्याचें साधन ज्यांनीं लोकांच्या हातीं दिलें, त्यांनींच पुढें कार्यक्रम रचणें मागें टाकून पडदा कोणासाठीं मांडावयाचा ह्या प्रश्नाला वाहून घेतलें. १९९९ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं रचणाऱ्या मंडळींवर तोफ डागली आहे: हे लोक स्वतःला सोयीचें तें रचतात आणि वापरणाऱ्यास अडाणी ठरवितात. त्यांचा उपाय असा कीं, 'सर्वांसाठीं' म्हणून कांहीं मांडूं नये. एक विशिष्ट माणूस, त्याचें वय, काम, संवयी, अडचणी ह्यांसह डोळ्यांपुढें उभा करावा आणि त्याच्यासाठीं मांडावें. आम्हीं हें नातीला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मी आईला डोळ्यांपुढं ठेवलं होतं की." खरेंच होतें तें. पण काट्यापाशीं माणसें दोन असतात. लिहिणारीची सोय झाली. जिच्या श्रमाचा आंकडा लिहिला जातो ती मांडणाऱ्याच्या हिशेबांत नव्हतीच. साधनाच्या उजव्या यादींत रुंदी विचारतात, रंग विचारतात, पण पडद्यासमोर कोण कोण उभें राहणार हें विचारणारा रकाना तेथें नाहीं, आणि तो असावा अशी अपेक्षाही करतां येत नाहीं.

आमच्या घरच्या ७३ किलोंवरून एवढें लिहावें काय, असें कोणी म्हणेल. पण ह्या जिल्ह्यांत फोनचा पडदा आतां प्रत्येक शेताच्या बांधापर्यंत आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत 'ई-पीक पाहणी' सुरू झाली, आणि सातबाऱ्यावरील पिकाची जी नोंद पूर्वीं तलाठ्याच्या हातची होती, ती शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढून, फोनवरून करावयाची झाली. आपल्या पिकाची नोंद आपल्या हातीं येणें ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु यवतमाळच्या शेतकऱ्यांत घरीं बंजारा बोलणारे आहेत, कोलामी आणि गोंडी बोलणारे आहेत. भर उन्हांत फोनची कांच आरशासारखी चमकते. कापूस-तुरीच्या चिकानें बोटें खरखरीत झालेलीं असतात. अशा माणसापुढें जो पडदा जातो, तो कोठल्या तरी गार खोलींत कोणी तरी मांडलेला असतो, आणि त्यावरील एका बटनाची जागा पिकाच्या कागदाइतकीच महत्त्वाची ठरते. ज्या मुलांस पुढें हें काम करावयाचें आहे त्यांपैकीं कित्येक आज आपल्या माजघरांत बसून ठोकळे जोडीत आहेत.

आमच्या नातीनें पुढें काय केलें तें सांगतों. पुढच्या रविवारीं ती फोन न घेतां, कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन शेतावर गेली. दुपारच्या भाकरीच्या वेळीं बांधावर बायांमध्यें बसून तिनें कागदावर पडदे काढले आणि ते त्यांच्यापुढें ठेवून, "कुठं बोट लावाल?" असें विचारलें. नांवांची यादी पाहून त्या हंसल्याच. एकाच नांवाच्या तिघी, आणि एकमेकींना त्या हांक मारतात ती कोणाची आई, कोणाची काकू अशी. तेव्हां त्या साठीच्या बाईनेंच सुचविलें, "नावं काहून लिहता? गाठोड्याचा फोटो काढा नं." ही गोष्ट आमच्या ध्यानींमनींही आली नसती! प्रत्येक बाई आपला कापूस आपल्या ठराविक कापडांत बांधते. कोणाचें हिरवें लुगडें, कोणाची चौकड्याची चादर, कोणाचें नवऱ्याचें जुनें धोतर. ढिगांतून आपलें गांठोडें त्या लांबून ओळखतात. आतां पडद्यावर नांवांची यादी नाहीं. गांठोड्यांच्या चित्रांचीं मोठीं बटनें आहेत. गांठोड्यावर बोट लावल्यावांचून वजनाची चौकट उघडतच नाहीं, आणि नोंद झाली कीं निवड पुसली जाते. आंकडा बदलला तर जुना आंकडा आडवी रेघ मारून तसाच खालीं राहतो.

आंकड्यांवरून मात्र आमचा व तिचा वाद झाला. आमचा आग्रह देवनागरी अंकांचा. मराठी घरांत मराठी अंक नकोत तर कोठें असावेत? पण काट्यावर जे अंक उमटतात ते इंग्रजी, आणि बायांना पाठ आहेत तेही तेच. नोटांवरून, फोनवरून, एस. टी. च्या तिकिटावरून. काट्यावर एक आकृति आणि पडद्यावर दुसरी, मग त्यांनीं पडताळा कशाचा घ्यावा? आम्हीं दोन दिवस धुसफूस करून माघार घेतली. नातीनें समजूत म्हणून एक मोठा देवनागरी आंकडाही खालीं ठेवूं का असें विचारलें. आम्हीं नको म्हटलें. पडद्यावर जागा थोडी.

नोंद झाली कीं आतां सबंध पडद्यावर एकच मोठा आंकडा येतो, त्या बाईच्या गांठोड्याच्या चित्रासह, आणि तो पाहून तिनें स्वतः बोट लावल्याखेरीज पडदा पुढें सरकत नाहीं. सूनबाईची कुरकुर आहे कीं, ह्यामुळें रांग हळू चालते. ती खरी आहे. पंधरा बाया असल्या तर अंधार पडतो, आणि पुतण्याला काट्यावर दिवा टांगावा लागला. लाल वहीही परत निघाली आहे. बायांनींच ती मागितली. दोन्ही ठेवण्यांत काय शहाणपण असें पुतण्या विचारतो. आमच्या मतें एक हंगाम तरी दोन्ही ठेवावींत.

शेवटच्या वेचणीच्या संध्याकाळीं आम्ही शेतावर होतों. त्या बाईनें आपलें गांठोडें काट्याला लावलें, वर पाहून आंकडा वाचला, आणि सूनबाईच्या हातांतला फोन मनगटाला धरून आपल्याकडे वळवून घेतला. चौकड्याच्या चादरीचें चित्र पाहून ती म्हणाली, "हे तं फाटली. आता निळी हाय." नवें छायाचित्र काढावयाचें त्या दिवशीं राहूनच गेलें. पुढल्या हंगामापूर्वीं सगळ्यांचीच गांठोडीं पुन्हां एकदां पाहून घेऊं, असें नात म्हणते.